गणित सोडावे, पण कोणाच्या सोयीसाठी?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. मुलीला गणित मनापासून आवडते, पण गुण साठ-पासष्टच्या पुढे जात नाहीत, म्हणून पुढील वर्षी तिने हा विषय सोडून एखादा ‘गुण देणारा’ विषय घ्यावा असे शाळेने सुचवले आहे. शिवाय, माहितीपत्रकात सर्वाधिक सरासरी पगार छापणाऱ्या महाविद्यालयातच तिने जावे, त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी चालेल, असा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे. यांतले काय ऐकावे, असे आपण विचारता.

शाळेच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. परंतु शाळेची पत, तिला मिळणारा निधी आणि शिक्षकांचे मूल्यमापन हे सारे निकालाच्या आकड्याला बांधलेले असते, तेव्हा विद्यार्थ्याच्या हिताचा सल्ला आणि संस्थेच्या सोयीचा सल्ला यांतला फरक तो देणाऱ्याच्याही लक्षात येईनासा होतो. ही गोष्ट आजची नाही. इंग्लंडमध्ये 1862 साली शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि निरीक्षकांसमोरच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेवर ठरू लागले. परिणाम असा झाला की मुलांकडून वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले आणि इतिहास-भूगोलासारखे विषय मागे पडले; स्वतः शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली, तरी ती मोडीत निघायला 1890चे दशक उजाडावे लागले. पुढे डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात हेच नियमाच्या रूपात मांडले: एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय अवलंबून राहतात, तितका तो आकडा आणि तो ज्याचे मोजमाप करतो ती गोष्ट, दोन्ही बिघडण्याचा धोका वाढतो.

म्हणून शाळेला उत्तर देण्यापूर्वी मुलीच्या जुन्या उत्तरपत्रिका मागवून घ्या आणि गुण नेमके कोठे जातात ते तिच्या शेजारी बसून पाहा. मांडणी बरोबर असून शेवटच्या ओळीत अधिक-उणे चिन्ह चुकत असेल, किंवा शेवटची दोन गणिते वेळेअभावी कोरीच राहत असतील, तर तो सरावाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी आवडता विषय सोडणे मला मुळीच पटत नाही. प्रश्न थोडा फिरवून विचारताच पहिली पायरीच सुचत नसेल, तर मात्र पाया पुन्हा घालावा लागेल, आणि तेवढा वेळ देण्याची तिची तयारी आहे का, हे तिलाच विचारायला हवे.

आता पगाराच्या आकड्याविषयी. दहा जणांपैकी नऊ जणांना दरमहा 20 हजार आणि एकाला 2 लाख मिळत असतील, तर सरासरी 38 हजार निघते. पण त्या दहांत 38 हजार कोणालाच मिळत नाहीत. महाविद्यालयाकडे सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, मागा, आणि हिशेबात सगळे विद्यार्थी धरले आहेत की फक्त नोकरी मिळालेले, हेही विचारा. (हा प्रश्न विचारताच पलीकडचा उत्साह ओसरला, तर तेही उत्तरच समजावे.) कर्जाचा मासिक हप्ता याच मध्यकाशी ताडून पाहा, कारण हप्ता जड असेल तर पदवीनंतर कोणते काम स्वीकारायचे हे तिच्या आवडीने नव्हे, त्या हप्त्याने ठरेल. वडीलधाऱ्यांची काळजी खोटी नाही, कमावणे हाही शिक्षणाचा एक हेतू आहेच. फक्त बाकीचे हेतू त्यांच्या बोलण्यात आलेले नाहीत, आणि मुलीचे म्हणणे तर आपल्या पत्रातही कोठे आढळले नाही.

उत्तरपत्रिका पाहिल्यावर विषय ठेवायचा असे ठरले, तर तसे शाळेला लेखी कळवावे. त्यानंतरही शाळेने आग्रह धरलाच, तर त्याची कारणे लेखी मागावीत आणि मला कळवावे. पुढचे पत्र मात्र मुलीने स्वतः लिहावे, अशी विनंती आहे.

कळावे.