स्वरतंतूवरचा व्रण प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या सांगाड्याने बरा होतो का?

तुम्ही लिहिलंय की गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर डाव्या स्वरतंतूवर व्रण राहिला, दीड वर्षानंतरही आवाज घोगरा आहे आणि बोलताना दम लागतो. डुकराच्या ऊतीतल्या पेशी काढून उरलेला सांगाडा तिथे बसवला तर आवाज परत येईल का, असं तुम्ही विचारलंय. आधी सरळ उत्तर देते: व्रणावरचा ठरलेला उपचार म्हणून हे आज मिळत नाही. बहुतेक काम प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच चाललंय. मी याच विषयावरच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काम केलंय, त्यामुळे घोडं कुठे अडतं ते सांगू शकते.

स्वरतंतू म्हणजे ताणलेली तार नव्हे. आत स्नायू, त्यावर मऊ थर आणि सगळ्यात वर पातळ त्वचेसारखं आवरण. मिनोरु हिरानो यांनी १९७४ मध्ये ही रचना नीट मांडली: आतला भाग घट्ट, वरचा भाग सैल, आणि आवाज होतो तो हा सैल भाग आतल्या भागावर लाटेसारखा सरकतो म्हणून. बाईच्या बोलण्यात ही लाट सेकंदाला साधारण २०० वेळा उठते. आवरणाखालचा अगदी वरचा मऊ थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा आणि जेलीसारखा असतो. त्याचा मऊपणा मुख्यतः हायल्युरॉनिक ॲसिड या पाणी धरून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे येतो. व्रण झाला की तिथे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे जाड, अस्ताव्यस्त धागे भरतात, वरचं आवरण खाली चिकटतं आणि लाट तिथेच अडते. म्हणून नुसता खड्डा भरून तुमचं काम होणार नाही. तिथे पुन्हा काहीतरी सरकायला हवं.

सांगाड्यामागची कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. ऊतीतून पेशी काढल्या तरी त्यांनी विणलेली जाळी उरते. त्या जाळीत आपल्या पेशी शिरल्या की व्रणाऐवजी मूळची ऊती बनवायच्या खुणा त्यांना तिथेच सापडतील, अशी आशा असते. डुकराच्या आतड्याचा किंवा मूत्राशयाचा थर यासाठी पुष्कळ वापरला जातो. टेक्सासमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये गुरांच्या स्वरतंतूचाच मऊ थर पेशीमुक्त केला आणि त्यात माणसाच्या स्वरतंतूतल्या पेशी वाढवल्या.

आता धुण्याबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. आम्ही ऊतीचे तुकडे एसडीएसच्या पाण्यात शेकरवर ठेवायचो. शाम्पूत फेस आणणारं तेच रसायन. सकाळी गुलाबी दिसणारा तुकडा दुसऱ्या दिवशी दुधी, अर्धपारदर्शक झालेला असायचा. पेशी नीट गेल्या का, याचा प्रचलित निकष म्हणजे १ मिलिग्रॅम कोरड्या ऊतीत ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनए. पेशींचे अवशेष राहिले तर शरीर सूज आणतं. त्यातही डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते, माणसात ती नसते, आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं आपल्या रक्तात आधीपासूनच तयार असतात. म्हणून मन लावून धुवायचं. पण जास्त धुतलं की हायल्युरॉनिक ॲसिडसारखी पाणी धरून ठेवणारी द्रव्यंही वाहून जातात, म्हणजे ज्या मऊपणासाठी सगळा खटाटोप, तोच कमी होतो. शिवाय साबण मागे राहिला तर नव्या पेशी मरतात. एका वेळी माझ्याकडून शेवटच्या धुण्याला घाई झाली. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सगळ्या पेशी गोल होऊन तरंगत होत्या, एकही जाळीला चिकटली नव्हती. तीन आठवड्यांचं काम होतं ते.

जाळी चांगली निघाली तरी पुढचा प्रश्न उरतोच. ती अर्ध्या मिलिमीटरच्या जागेत बसवायची, टाके कडक न होता, आणि रोग्याने खोकायचं, गिळायचं थांबवलेलं नसताना. माणसाच्या दान केलेल्या त्वचेपासून केलेली पेशीमुक्त भुकटी स्वरतंतूत टोचून वापरली गेली आहे, पण ती दोन स्वरतंतूंमध्ये उरणारी फट बुजवण्यासाठी, आणि काही महिन्यांत ती शरीरात विरून जाते. विस्कॉन्सिनमधल्या गटाने २०१५ मध्ये निराळी वाट धरली: माणसाच्या स्वरतंतूतल्या पेशी कोलॅजेनवर वाढवून दोन आठवड्यांत ऊती तयार केली, कुत्र्याच्या काढलेल्या स्वरयंत्रात बसवली, उबदार दमट हवा सोडली, आणि तिने आवाज दिला. ती लाट उठलेली वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मात्र जिवंत रोग्यातलं यश नव्हतं.

कोणी पैसे घेऊन हे आत्ता करतो म्हणाला तर तिथून निघा. पेशीमुक्त श्वासनलिका बसवल्याचा २००८ सालचा गाजलेला लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ मध्ये मागे घेतला. खरी चाचणी असेल तर तिची नोंद असते, नीतिसमितीची मंजुरी असते, आणि प्रायोगिक उपचारासाठी सहसा रोग्याकडून पैसे घेत नाहीत.

तोवर व्हॉइस थेरपी सोडू नका. व्रण जात नाही, पण त्याच्याभोवती गळा आवळून बोलायची जी सवय लागते ती सुटते, आणि तुमचा दम बहुधा त्यातच जातोय. स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा स्वरतंतू मध्याकडे सरकवणारी शस्त्रक्रिया तुम्हाला लागू आहे का, हे डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या पद्धतीने फट मिटते, कडकपणा तसाच राहतो. आणि स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची लाट संथ करून दाखवणारी तपासणी, झाली असेल तर तिचा व्हिडिओ मागून घ्या. डाव्या बाजूची लाट कुठे थांबते ते त्यात दिसतं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा केली की शेजारी ठेवून बघता येतं.