आंब्याची पेटी आणि फिनलंडचा कागद

प्रश्न : हापूससाठी पुठ्ठ्याच्या पेट्या घेताना विक्रेता म्हणतो, ‘ह्यात बाहेरचा क्राफ्ट (पेटीचा मजबूत तपकिरी कागद) आहे, म्हणून महाग.’ आपल्याकडे कागद बनत नाही का? फिनलंडएवढासा देश जगाला कागद विकतो तो कसा?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : बनतो की, भरपूर बनतो! पण आपला कागद बहुतेक घरातच खपतो. फिनलंडची वस्ती सुमारे ५५ लाख आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश जमीन जंगलाखाली. तिथला बहुतेक कागद-पुठ्ठा बोटीत चढतो. शिवाय तिथल्या पाइन-स्प्रूस ह्या झाडांचा तंतू लांब, म्हणून कागद चिवट. आपल्या पेटीचा कागद बहुतांशी रद्दीचा, आणि रद्दीच्या दर फेरीला तंतू आखूड होत जातो. त्यातली पुष्कळ रद्दीही आपण बाहेरून आणतो! म्हणून दोन देशांचे आकडे ताडताना जकातीच्या यादीतल्या ४८व्या, म्हणजे कागद-पुठ्ठ्याच्या, प्रकरणावर थांबू नका. लगदा आणि रद्दी ४७व्यात नोंदतात.

मी वीस वर्षं रत्नागिरीत पेट्या विकल्या. मे अखेरच्या दमट हवेत थप्पीतली खालची पेटी कोपऱ्यांवर खचते, फळ दबतं. बघून जीव तुटतो. घेताना नमुन्याचा कोपरा फाडा : कडेला लांब, केसाळ तंतू दिसले तर घ्या, भुसभुशीत तुटला तर परत करा.