त्याला समोर बसव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या सातवीच्या वर्गातल्या त्या मुलाच्या वडिलांनी पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलं, ‘रोज वहीवर सही येते, गृहपाठ पूर्ण असतो, मग गणितात क-2 श्रेणी कशी?’ तू रात्रभर झोपली नाहीस. आता तू विचारतेस, यापुढे रोज सगळ्यांना गृहपाठाचा निरोप टाकायचा, की ग्रुपच सोडायचा?

अगं, या सगळ्यात तो मुलगा कुठे आहे? तुझ्या चार पानी पत्रात वडील आहेत, मुख्याध्यापक आहेत, ग्रुपवर होकाराच्या अंगठ्याचं चिन्ह टाकणारे इतर पालक आहेत. तो काय म्हणाला याची एक ओळ नाही. त्याच्या वहीबद्दल नि गुणांबद्दल जे काही बोलायचं ते त्याला समोर बसवून बोल. माझं सांगणं एवढंच आहे, आणि तू कंटाळेपर्यंत मी ते सांगणार आहे.

तू पाठवलेले आकडे बघ. आकारिकमध्ये, म्हणजे वर्गात शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनात, 40 पैकी 31; संकलितमध्ये, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेत, 60 पैकी 14. बेरीज 45, म्हणून क-2. सहावीत दोन्हींचा भार निम्मा-निम्मा असतो, सातवीत लेखी परीक्षेचं पारडं जड होतं. हे पालकांना कुणी सांगतच नाही. 2010 पासून ही सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत चालू आहे, तरी प्रगतिपुस्तक हातात घेतल्यावर बहुतेक आया ‘म्हणजे पास ना, बाई?’ एवढंच विचारतात. त्यात त्यांचा दोष नाही. आकारिकची आठ साधनं, त्यातलं स्वाध्याय हे फक्त एक, हे त्यांना कळणार कुठून? वडिलांना वाटतं, वही पूर्ण म्हणजे अभ्यास पूर्ण. 31 आणि 14 मध्ये जी दरी आहे तिचं उत्तर त्यांच्याकडे नाही, तुझ्याकडेही नाही. ते एकट्या त्या मुलाकडे आहे.

माझ्याकडे असाच एक होता. अपूर्णांकांची वही बघावी तर मोत्यासारखी. छेद समान केलेले, खाली दोन रेघा मारून उत्तर. चाचणीत मात्र एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. वडील तावातावाने आले होते. मी मुलाला वर्गातून बोलावलं, खुर्ची दिली, वही त्याच्यासमोर उघडली आणि म्हटलं, ‘हे कसं सोडवलंस तेवढं बाबांना सांग.’ बराच वेळ तो पानाचा कोपरा दुमडत राहिला. मग म्हणाला, ‘ताई सांगते, मी उतरवतो. नाहीतर जेवायला उशीर होतो.’

वडिलांना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही दोघं त्याच्या माघारी तासभर बोललो असतो तरी कळलं नसतं.

त्या दिवशी ठरलं ते साधं होतं. अडलेलं गणित कोरं सोडायचं, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढायचं, आणि घरी कुणी ते पूर्ण करून द्यायचं नाही. कोऱ्या गणितासाठी मी रागावणार नाही, हा माझा शब्द. हे रोजनिशीत त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, खाली आम्ही तिघांनी सह्या केल्या. ‘अभ्यासात लक्ष नाही, पालकांनी लक्ष द्यावे’ असले शेरे मी त्यानंतर लिहिले नाहीत. तूही लिहू नकोस. तो शेरा वाचून घरी फक्त मार बसतो, गणित येत नाही.

तू म्हणशील, वेळ कुठे आहे? हे ऐकलं की माझा संयम सुटतो. कायद्याने सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि तुझ्या वर्गात किती आहेत ते मला माहीत आहे. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, सगळं मीही केलंय. पण रात्री अकरापर्यंत ग्रुपवर खुलासे लिहायला तुला वेळ मिळाला ना? तिघं समोरासमोर बसले की दहा मिनिटांत काम होतं. शिवाय ही काही तुझी मेहेरबानी नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे त्यातलंच एक. मूल समोर हवं असं कायदा म्हणत नाही. ते मी म्हणते.

याबद्दल मला बोलणी बसली आहेत. एका आईने तक्रार केली की बाईंनी मुलीसमोर आमचा पाणउतारा केला. घडलं एवढंच होतं की मुलगी म्हणाली, ‘घरी टीव्ही चालू असतो, मला पाठांतर होत नाही.’ मला कार्यालयात बोलावून समज देण्यात आली, पालकांशी एकांतात बोलत जा म्हणून. मी ऐकलं नाही. आजही ऐकणार नाही. मुलीने खरं सांगितलं होतं, आणि ते सांगायला तिला दुसरी कुठलीही जागा नव्हती. खंत एकाच गोष्टीची आहे. इतकी वर्षं त्या शाळेत राहूनही शेजारच्या तुकडीत मी ही रीत रुजवू शकले नाही. तिकडे शेवटपर्यंत पालकांची रांग लागायची आणि मुलं व्हरांड्यात उभी राहून आत काय चाललंय याचा अंदाज घेत असायची.

मुलाला घरी मारहाण होत असल्याची शंका असेल, किंवा आजारपणाची नाजूक बाब असेल, तर मोठ्यांनी आधी वेगळं बोलावं. वडिलांनी तुझ्यादेखत हात उगारला तर बैठक तिथेच थांबव आणि स्पष्ट सांग की या खोलीत हे चालणार नाही. पण ही अडचण पुढे करून दर वेळी मुलाला बाहेर ठेवू नकोस. आई-वडील ऊसतोडीला गेलेले असतील तर आजीला बोलव. आजीला वाचता येत नसेल तर नातवालाच प्रगतिपुस्तक वाचून दाखवायला सांग. स्वतःच्या तोंडाने ‘गणितात क-2’ म्हणताना तो पुढचं कारणही आपणहून सांगतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

ग्रुपवर ‘समक्ष भेटू’ एवढंच लिही, एका मुलाचे गुण पन्नास घरांत वाचले जाता कामा नयेत. वडील शनिवारी येणार आहेत, तर शुक्रवारीच मुलाला सांग की उद्या तूही बसायचंस, गृहपाठाची वही आणि उत्तरपत्रिका दोन्ही लागतील, आणि मी तुला ओरडणार नाही. मुख्याध्यापकांच्या कानावर आधी घाल. वडील बोलायला लागले तर नम्रपणे थांबव, पहिल्यांदा त्याला बोलू दे. तो गप्प बसला तर तूही गप्प बस, घाईने त्याचं वाक्य पूर्ण करू नकोस. आणि रोजनिशीत काय लिहिलं गेलं ते मला रविवारी कळव.

तुझी,
बाई