इंदूरहून कॅनडा, पशुवैद्य म्हणून: एका प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

तू लिहिलंस, "ताई, महूहून बी.व्ही.एस्सी. केलं, इंदूरला कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात सहा वर्षं झाली. नवऱ्याला कॅनडात नोकरी मिळतेय, मुलगी सात वर्षांची आहे. परीक्षा पास होईपर्यंत असिस्टंट म्हणून राबायची तयारी आहे. तिकडचे प्राणी वेगळे असतात का, एकटं वाटतं का? येऊ का?" दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. मग त्या "परीक्षा पास होईपर्यंत"वर अडकले, आणि आता रात्रीचा एक वाजलाय.

परीक्षांचं सगळं अधिकृत माहितीत नीट दिलंय, ते मी परत गिरवत नाही. आपल्या कॉलेजांच्या पदवीला इथली थेट मान्यता नाही, म्हणून हा लांबचा फेरा: आधी बी.सी.एस.ई. ह्या मूलभूत विषयांच्या परीक्षेचे २२५ प्रश्न, मग नॅव्हले ह्या परवान्याच्या परीक्षेचे ३६०, मग सर्जरीची छोटी चाचणी आणि शेवटी सात भागांची प्रात्यक्षिक परीक्षा, सी.पी.ई. त्या माहितीत लिहिलेलं नाही असं एकच सांगते. त्या सात भागांत घोडा आहे, गाय आहे, शवविच्छेदनही आहे. लॅब्राडॉर आणि पर्शियन मांजरांत सहा वर्षं काढली की गाईच्या पोटात हात घालायची सवय जाते. निघण्याआधी महिनाभर एखाद्या गोशाळेत जा. पहाटे उठावं लागेल, अंगाला वास येईल, पण जा. आणि रेबीजचे डोस पूर्ण करून अँटिबॉडीची तपासणी इंदूरलाच करून घे. इथे दवाखान्यात काम करायचं म्हटलं की तो कागद बरेचदा मागतात.

कागदांचं निघालंच आहे तर ऐक. माझं लग्न अशा घरात झालं, जिथे तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. आडनाव तर बदललंच, पण पहिलं नावही बदललं. तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. दहा वर्षांनी मार्कशीटवर एक बाई, पासपोर्टवर दुसरी, आणि मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. समोरच्या माणसाच्या हिशेबी ह्या दोन वेगवेगळ्या बायका, आणि त्यातल्या एकीनं दुसरीची पदवी ढापलेली. प्रतिज्ञापत्र केलं, तर नोटरीचा शिक्का पुसट उमटला म्हणून परत आलं. दुसरं केलं. एका कार्यालयात (कुठलं ते सोड) सही करणारे साहेब भाच्याच्या लग्नाला गेले होते, तर त्यांच्या टेबलावर माझी फाईल सतरा दिवस तशीच पडून होती. मी रोज जायची. शिपाई मला बघितलं की दुरूनच मान हलवायचा. ह्या सगळ्यात आठ महिने गेले. तुझी नावं आजच तपास. सर्टिफिकेटवर आडनाव आधी आलंय की नंतर, एवढंसुद्धा बघ.

आता दवाखान्याचं सांगते, कारण तू प्राण्यांबद्दल विचारलंस आणि माणसांबद्दल काहीच नाही. प्राणी सगळीकडे सारखेच गं. फरक पडतो तो माणसांचा.

इंदूरला आमच्याकडे कोण होतं? मोठे डॉक्टर, मी, आणि कंपाउंडर काका. केस पेपर काका लिहायचे, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह काका लावायचे, पार्व्होच्या (म्हणजे जुलाब-उलट्यांच्या रोगाच्या) पिल्लाची घाण काका काढायचे, उधारीची वही काकांकडे, आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, झाली की दुसऱ्या दिवशी हिरवी-जांभळी होऊन आलेली कुत्री धुवायचं कामही काकांचंच. मूळचे देवासचे. आमच्याशी अस्खलित मराठी, पण कुत्र्याशी कायम माळवीत. "म्हारा राजा, म्हारा राजा" म्हणत मान अशी काखेत घ्यायचे की चावऱ्या जर्मन शेफर्डलाही कुणीतरी आपल्याला धरलंय हे उशिरा कळायचं. मी नवीन होते तेव्हा माझा हात थरथरायचा आणि शीर मिळायची नाही. काका पुढच्या पायाचं कोपर मागून धरायचे, अंगठा शिरेवर दाबून बाहेरच्या बाजूला जरासा वळवायचे आणि ती टचकन वर यायची. वर म्हणायचे, "वा डॉक्टरबाई, एका झटक्यात!" वर्षभर मला खरंच वाटत होतं की ते मीच करते.

इथे त्या एका काकांची चार माणसं होतात. रिसेप्शनवरची मुलगी फोन घेते, खर्चाचा अंदाज छापते आणि सही घेतल्याशिवाय प्राण्याला आत सोडत नाही. रजिस्टर्ड टेक्निशियन म्हणजे आर.व्ही.टी., ती कॉलेज शिकून परीक्षा देऊन आलेली असते. सलाईनची सुई लावणं, रक्त काढणं, भूल दिलेल्या प्राण्यावर लक्ष ठेवणं, दात साफ करणं, एक्स-रे, हे सगळं ती करते. मॅनेजर असते. असिस्टंट असते, ती प्राणी धरते, पिंजरे धुते, टॉवेलांच्या घड्या घालते. डॉक्टर तपासतो, निदान करतो, औषध लिहितो, ऑपरेशन करतो, आणि उरलेला दिवसभर कॉम्प्युटरवर नोंदी टाइप करतो. कुणी कुणाच्या कामात हात घालायचा नाही. पहिल्या आठवड्यात मी सवयीनं म्हणाले, "ह्याला मेट्रोनिडाझोल सुरू करू या." बोलणं एकदम थांबलं. कुणी रागावलं नाही. मॅनेजरनं संध्याकाळी बाजूला घेऊन, हसत, समजावलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

कामाची पद्धत मात्र छान आहे, हे कबूल करते. मांजराची मानगूट धरायची नाही, टॉवेलात पुरणपोळीसारखं गुंडाळायचं. घाबरलेल्या कुत्र्याला चीज चाटवत चाटवत लस द्यायची. आपण इंदूरला किती प्राण्यांना उगाच दाबून धरलं, असं मला कितीदा वाटतं. आणि आपल्याकडे लोक म्हणतात, "डॉक्टर, सुई नको, आपोआप जाऊ दे त्याला." इथे शेवटच्या सुईची अपॉइंटमेंट असते. बहुतेक दिवसाची शेवटची, म्हणजे घरच्यांना गर्दीतून रडत जायला नको. मंद दिव्याची खोली, टिश्यूचा डबा. मातीच्या चकतीवर पंजाचा ठसा घेऊन घरच्यांना देतात. तो घेणं माझं काम आहे. पंजा अजून ऊबदार असतो. बोटांमधले केस आधी कापावे लागतात, नाहीतर मातीला चिकटतात आणि ठसा बिघडतो. मग बारक्या शिक्क्यांनी एकेक अक्षर दाबत नाव लिहायचं. माझा हात आता कधीच चुकत नाही.

तर खरं सांगते. मी इथे डॉक्टर नाही.

बी.सी.एस.ई. पहिल्या फटक्यात पास झाले. नॅव्हलेही. सी.पी.ई.ला शस्त्रक्रियेच्या भागात नापास झाले. इंदूरला भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या मोहिमेत मी शेकड्यानं गर्भाशयं काढलीत, कुशीतून, अंगठ्याएवढ्या छेदातून. वेगाचा गर्व होता. परीक्षेत नाकावरचा मास्क घसरला आणि मी निर्जंतुक ग्लोव्ह घातलेल्या बोटानं तो वर सारला. अर्धा सेकंद. परीक्षकानं कागदावर काहीतरी लिहिलं. मला तिथेच कळलं होतं, तरी पुढचे सगळे टाके मी नीट घातले. तेवढाच भाग परत देता येत होता. पण परत फी भरायची होती, ती हजारो डॉलरांत. नवऱ्याची नोकरी त्या वर्षी डळमळीत होती, आणि मुलगी... तिचं पुढे सांगते. "पुढच्या वर्षी" म्हणाले. असं पुढचं वर्ष मी किती वेळा म्हणाले ते मोजत नाही. असिस्टंट म्हणून लागले होते, असिस्टंटच आहे. इंदूरला राजेंद्रनगरात आई अजून सगळ्यांना सांगते, "आमची कॅनडात डॉक्टर आहे." मी तिला सुधारलं नाही.

मुलीचं. आम्ही २०१७च्या ऑगस्टमध्ये आलो. तिचा जन्म नोव्हेंबर २००९चा. इंदूरला ती नुकतीच दुसरीत बसली होती. इथे ओंटारिओत जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून वर्ग ठरतो, म्हणून सप्टेंबरमध्ये ती थेट तिसरीत. पाढे नीट झाले नव्हते, आणि वर्गातली सगळी तिच्यापेक्षा मोठी. ती गप्प झाली. घरी आली की तोंडाचा पट्टा चालू, शाळेत एक शब्द नाही. शाळेनं बोलावलं आणि सांगितलं, तिला इंग्रजी कच्चं असणाऱ्यांच्या गटात घालतो. माझी मुलगी के.जी.पासून इंग्रजी शाळेत! मला भांडायचं होतं. तिला इंग्रजी येतं, फक्त ती घाबरलीय, तिला दुसरीत बसवा, असं ठामपणे सांगायचं होतं. पण दहा दिवसांवर माझी बी.सी.एस.ई. होती. पर्समध्ये फार्माकॉलॉजीची कार्डं होती, बसमध्ये वाचत आले होते. मी फॉर्मवर सही केली आणि घरी येऊन अभ्यासाला बसले. ती आता अकरावीत आहे, उत्तम चाललंय, तिला ते आठवतही नाही म्हणते. मला मात्र त्या फॉर्मचा फिकट पिवळा रंगसुद्धा आठवतो. ज्या परीक्षांसाठी सही केली, त्यांचं काय झालं ते वर सांगितलंच.

एकटेपणाचं विचारलं होतंस. वाटतो. रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळी जास्त. सवय होते. पुढे.

गेल्या बुधवारी एक म्हातारा कॉकर स्पॅनियल आला होता, अंगातलं पाणी पार कमी झालेलं, शिरा गायब. टेक्निशियन चोवीस वर्षांची, नुकती पास झालेली. दोनदा सुई घातली, दोनदा शीर सरकली. तिच्या ओठावर घाम आलेला. मी कोपर मागून धरलं होतं. तिसऱ्या वेळी मी अंगठा दाबून बाहेरच्या बाजूला जरासा वळवला, न सांगता. शीर उभी राहिली, रक्त दिसलं. ती एकदम खुलली. मी म्हटलं, "एका झटक्यात!" अर्थात इंग्रजीत. मग टॉवेलांच्या खोलीत जाऊन बराच वेळ घड्या घालत बसले.

त्या रात्री काकांना फोन लावला, तिकडे सकाळ होती. आता गुडघे गेलेत, दवाखाना सुटलाय, तरी गल्लीतली कुत्री त्यांच्या ओट्यावरच येऊन झोपतात म्हणे. मला विचारायचं होतं की तेवीस वर्षं तुम्ही आमच्यासारख्या कोवळ्या डॉक्टरांना धरून दिलंत, तुम्हाला काय वाटायचं? ते आधीच बोलले, "डॉक्टरबाई, तिकडे दिवसाला किती ऑपरेशनं होतात?" मी म्हटलं, "दोन-तीन." "शाबास," म्हणाले. माझा प्रश्न तसाच राहिला.

तेव्हा "परीक्षा पास होईपर्यंत" हे तीन शब्द नवऱ्यासमोर बसून तारखेत बदल. किती पैसे, कुठल्या वर्षापर्यंत, नापास झालीस तर दुसऱ्या वेळचे पैसे कुठून, आणि त्या वर्षी मुलीच्या शाळेत कोण जाणार, हे सगळं वहीत लिहून काढ. ह्यातलं मी काहीच केलं नव्हतं. येऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. ये असंही माझ्या हातून लिहिलं जात नाहीये, तीनदा लिहून खोडलं.

तुझ्या मुलीचा वाढदिवस कुठल्या महिन्यात असतो, ते आधी कळव.