विद्यापीठातला प्रकल्प की कुरकुंभची कंपनी?

प्रश्न : काकू, मी हडपसरला राहते. यंदा ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एका संशोधन प्रकल्पावर प्रकल्प सहायक म्हणून माझी निवड झालीय, ११ महिन्यांच्या करारावर. कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीतही क्यूसीची, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्याची, नोकरी मिळतेय. बाबा म्हणतात, विद्यापीठात एकदा शिरलीस की पुढे कायम होशील. काय करू?

उत्तर : आधी बाबांची समजूत काढ. प्रकल्पावरची माणसं कायम होत नाहीत. नेमणूकपत्रातच तसं लिहिलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही. कायम पदाला शासनाची मान्यता लागते, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी) लागते, रीतसर जाहिरात लागते. सरांच्या शब्दावर काही होत नाही. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तांत्रिक कर्मचारी होते. ‘पुढच्या वर्षी बघू’ या आशेवर तिशी गाठलेली मुलं मी पाहिलीत.

म्हणून नाही म्हणू नकोस हं. प्रकल्पाचा पैसा बहुधा बाहेरून येतो, डीएसटीसारख्या (केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग) संस्थेकडून, हप्त्याहप्त्यानं. हप्ता अडकला की मानधनही अडकतं. तेव्हा मुदत किती उरलीय ते विचार. तीन वर्षांच्या प्रकल्पात शेवटच्या वर्षी गेलीस, तर अहवाल आणि बिलं जुळवण्यातच जाशील. तुझ्या आधीच्या सहायकाला गाठ, कॅन्टीनमध्ये चहा पाज. पैसे वेळेवर मिळायचे का, एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) स्वतः हात लावू द्यायचे की नुसत्या बाटल्या धुवायला लावायचे, रिसर्च पेपरवर नाव आलं का, सगळं कळेल.

मुळात तुला पीएच.डी. करायचीय का, हे तू लिहिलंच नाहीस. करायची असेल तर प्रकल्प घे आणि सोबत सीएसआयआर नेटचा, म्हणजे विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, अभ्यास कर. परीक्षा वर्षातून दोनदा असते. तिच्यातून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर २०२३च्या वाढीनंतर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. ही फेलोशिप तुझ्या नावावर असते, त्यामुळे गाईड तू निवडू शकतेस. सेट ही राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा आपलं विद्यापीठच घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. पण तिनं फक्त सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. आणि गणेशखिंडीतच, म्हणजे आपल्या विद्यापीठातच, अडकू नकोस. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. केमिस्ट्रीवाल्यांनी त्यांच्या संकेतस्थळांवरच्या जाहिराती बघत राहावं.

पीएच.डी. नको असेल तर सरळ कुरकुंभ. क्यूसीत एचपीएलसीवर हात बसतो आणि तो अनुभव कंपन्या मोजतात. शिवाय सोलापूर रस्ता तुझ्या दाराशी. रोज अख्खं पुणे ओलांडून युनिव्हर्सिटी चौकात अडकण्यापेक्षा कंपनीची बस बरी. फक्त बॉन्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का ते बघ, आणि मूळ मार्कशीट कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नकोस.