हिवाळ्यात तीन महिने फ्लॅट बंद ठेवायचाय, काय काळजी घ्यावी?

डिसेंबर ते फेब्रुवारी मुलीकडे परदेशी जाणार आणि ठाण्यातला फ्लॅट बंद राहणार, असं तुम्ही लिहिलंय. चोरीची काळजी सगळेच करतात, पण माझं ऐकाल तर आधी पाण्याचं बघा. घरात येणारे सगळे मेन कॉक बंद करा, नाहीतर एखादा पाइप सुटला की खालच्यांचं छत गेलंच.

दुसरं, बाथरूम आणि मोरीच्या जाळ्या. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साचलेलं पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. घर बंद राहिलं की ते आटतं. आम्ही दोन महिन्यांनी कोपरीच्या घरी परतलो तेव्हा दार उघडताच भपकारा आला; जाळी उचलली तर तळ ठणठणीत कोरडा. तेव्हापासून निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडेतेल ओततो. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही.

फ्रिज रिकामा करून, पुसून, बंद करा आणि दारात दुमडलेला टॉवेल अडकवून ते किलकिलं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. गॅस बंद. महावितरणला आगाऊ पैसे भरता येतात, ते भरून ठेवा. दागिने लॉकरमध्ये.

किल्ली वॉचमनकडे नको, शेजारच्या काकूंकडे द्या. पंधरा दिवसांनी एकदा खिडक्या उघडायला आणि जाळ्यांत पाणी टाकायला सांगा. तुळशीची कुंडीही त्यांच्याच गॅलरीत ठेवा, तीन महिने पाण्याविना ती जगणार नाही.