संगीताच्या पदवीसाठी स्वरलिपी वाचता येणे आवश्यक आहे का?
होय, पाश्चात्त्य संगीताच्या पदवीला प्रवेश घेण्यापूर्वीच स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर स्वर लिहिण्याची लिपी) सहज वाचता यायला हवे, कारण हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी), काउंटरपॉइंट (एकत्र चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींची गुंफण) आणि श्रवणाभ्यास (ऐकून स्वर-लय ओळखणे) हे विषय सहसा पहिल्याच वर्षी त्या लिपीतून शिकवले जातात. श्रवणाच्या परीक्षेत पियानोवर एखादी छोटी सुरावट तीन-चार वेळा वाजवली जाते आणि तेवढ्यात ती लयीसह कागदावर उतरवावी लागते. हार्मनीत जर्मन संगीतकार बाखच्या कोरालांच्या (चार आवाजांत बांधलेल्या चर्चगीतांच्या) धर्तीवर वरच्या सुरावटीखाली उरलेले तीन आवाज लिहायचे असतात, आणि या अभ्यासक्रमातले हे सर्वांत सुंदर काम आहे. वादनात तरबेज असलेले विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात, असा शिकवतानाचा माझा अनुभव आहे. मात्र ध्वनिमुद्रण किंवा लोकप्रिय संगीतावर भर देणाऱ्या काही अभ्यासक्रमांत ही अट बरीच शिथिल असते.